रजिनाचं पोट

सन दोन हजार अकराचा मार्च महिना, ईस्टरआधीच्या उपासांचा पहिला आठवडा. त्या दिवसांत गोझो बेटावर शेतं लाल फुलांच्या घासाने भरलेली असतात आणि माणसांची पोटं रिकामी. नेमक्या त्या आठवड्यात विस्टीनच्या स्वयंपाकघरात प्रश्न उभा राहिला, की सशिणीची पिशवी काढायची की नाही.

विस्टीनने सगळा जन्म खाणीत दगड कापण्यात घालवला होता. गावात त्याला ‘दगड’ म्हणत. खाणीमुळे की स्वभावामुळे, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. घरात तो, त्याची बायको चेट्टा आणि सशीण रजिना. मालकी याच्या उलट क्रमाने होती.

रजिना चुलीशेजारी राहायची. तिने खुर्चीचे पाय कुरतडले, चेट्टाच्या लेसचे दोरे खाल्ले, आणि अलीकडे ती गुरगुरून विस्टीनच्या घोट्याला चावू लागली होती. (चेट्टाच्या घोट्याला ती कधी चावली नाही.) म्हणून चेट्टा तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली आणि सल्ला घेऊन परत आली.

“पिशवी काढून टाका म्हणतात,” चेट्टा म्हणाली. “म्हणजे चावणं थांबेल. आणि नाही काढली तर पुढे आत गाठ होते. बहुतेक सशिणींना होते म्हणे.”

“माझ्या एकाही सशिणीला झाली नाही.”

“तुझ्या एकाही सशिणीला तेवढं आयुष्यच मिळालं नाही, विस्टीन.”

हे खरं होतं, म्हणून तो चिडला. “सशाच्या पोटात सुरी एकदाच जाते. आणि तिच्यामागून लसूण जातो.”

चेट्टाने रजिनाचे कान झाकले.

पण तिचंही मन ठरत नव्हतं. भूल द्यावी लागते, आणि सशांना भूल कधीकधी सोसत नाही, असंही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. “झोपली आणि उठलीच नाही तर?” चेट्टा सकाळी म्हणायची. “आणि नाही केलं, अन् गाठ झाली तर?” संध्याकाळी म्हणायची. दोन्ही वेळेला विस्टीन “हं” म्हणायचा.

त्याच्या ‘हं’मागे एक कारण होतं. त्याच्यावर एका सशाचं देणं होतं.

जूनअखेरीला इम्नार्याचा सण येतो. त्या दिवशी ज्या घरात ससा शिजत नाही त्या घरात कुणीतरी मेलेलं असतं किंवा मरणार असतं. गावात बँड दोन, क्लब दोन, त्यामुळे जेवणंही दोन. वरच्या क्लबच्या जेवणाला ससे विस्टीनचे, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. गेल्या साली सणाच्या तोंडावर रोग आला आणि शेतावरचं त्याचं सगळं खुराडं धुऊन घेऊन गेला. मुठीएवढं एक पिल्लू उरलं, ते चेट्टाने एप्रनमध्ये घालून घरी नेलं. तीच रजिना. विस्टीन रिकाम्या खुराड्यापुढे उभा होता, तेव्हा शेजारच्या शेताच्या भिंतीवरून एक लठ्ठ ससा पुढे आला. ससा धरणारा हात कर्मनूचा होता.

कर्मनू खालच्या क्लबचा. तिथे तो मोठा ढोल वाजवतो. दोघांची शेतं लागून आहेत आणि टोमण्यांखेरीज त्यांच्यात बोलणं नाही.

“घे, दगडा,” कर्मनू म्हणाला. “वरच्या क्लबने नुसती स्पॅगेटी खाल्ली, तर आम्हाला तुमच्याशी भांडायलाही लाज वाटेल. पुढच्या इम्नार्याला परत दे.”

आमच्याकडे सशाचं देणं सशानेच फेडतात, आणि तोही आपल्या खुराड्यातला. पैसे पुढे केले तर समोरचा तोंड फिरवतो. विकत आणून दिला तर घेतो, पण मरेपर्यंत चारचौघांत सांगत राहतो. आता रजिनाची पिशवी काढली, तर विस्टीनच्या खुराड्यात ससा यायचा कुठून?

त्याने मनाशी ठरवलं की आधी एक वेत होऊ द्यायचं, मग काय कापायचं ते कापा. निर्णय छोटासाच होता. तो चेट्टाला सांगितला नाही, एवढाच त्यातला दोष.

चेट्टा प्रार्थनेला गेली तशी त्याने रजिनाला टोपलीत बसवलं, वरून कोबीची पानं पसरली आणि चौकातून निघाला. क्लबच्या पायरीवर नेहमीची मंडळी बसली होती.

“काय विस्टीन, टोपलीत काय?”

“कोबी.”

कोबीतून दोन कान वर आले. मंडळींनी टोप्या काढून कोबीला नमस्कार केला. विस्टीन सरळ बघत चालत राहिला. पुढच्या वळणापर्यंत रजिनाने अंगावरचं सगळं झाकण खाऊन टाकलं होतं.

मादीला नराच्या घरी न्यायचं असतं. नराला मादीच्या घरी नेलं तर मादी त्याला फाडते. कर्मनूच्या खुराड्यात ‘सार्जंट’ नावाचा करडा नर होता. कर्मनूच्या सगळ्या सशांसारखा त्याचाही डावा कान टोकाला त्रिकोणी कातरलेला. जास्तीचे ससे कर्मनू दर मंगळवारी एका व्यापाऱ्याला देई, तो बोटीने माल्टाला नेई. आपले ससे दुसऱ्यांच्या सशांत मिसळू नयेत म्हणून ही खूण.

“चेट्टाला विचारून आणलीस?” कर्मनूने विचारलं.

“सशीण माझी आहे.”

“म्हणजे नाही.”

“सोड आत.”

रजिना आत गेली. सार्जंट रुबाबात पुढे आला. रजिनाने त्याच्या नाकाला चावा घेतला. सार्जंट पाण्याच्या भांड्यामागे गेला. मग पुन्हा आला, पुन्हा गेला. दोघे म्हातारे थोडा वेळ बघत राहिले, आणि मग हे बघणं बरं दिसत नाही असं वाटून दोघांनी पाठ फिरवली आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. मागे धडपड झाली. भांडं उलटलं. मग शांत झालं.

“झालं वाटतं,” कर्मनू समुद्राला म्हणाला.

“झालंच.”

वळून पाहिलं तर रजिनाच्या तोंडात करडे केस होते आणि सार्जंट कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता.

“बघ बाबा,” कर्मनूने सुस्कारा टाकला. “माझाच ससा मला परत मिळावा, म्हणून मार खातोय माझाच नर.”

पंधरवड्याने विस्टीनने रजिनाला मांडीवर घेतलं आणि पोटाखालून बोटं फिरवली. हे काम गावात त्याच्याइतकं कुणाला जमत नाही. निदान तो तसं सांगतो. बोटांना गोल, कडक, वाटाण्याएवढं काही लागलं. एक, दोन... पाच.

त्याच संध्याकाळी त्याने क्लबात जाहीर केलं, “पाच.”

विस्टीन बोलतो कमी, आणि बोलला की ते दगडावर कोरलेलं. ताबडतोब मागण्या आल्या. कर्मनूचा एक धरलेलाच होता. एक पाद्रीबाबांना, पांढरा असला तर. एक क्लबच्या अध्यक्षांना. एक न्हाव्याला, कारण वस्तरा त्याच्या हातात होता आणि मान विस्टीनची. नाही म्हणणं विस्टीनला कमीपणाचं वाटे. पोटातल्या पाचांतून त्याने सात वाटले.

पाम रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी तो देवळात गेला. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत पुतळ्याला खांदा द्यायचा मान त्याचा असतो. त्याची तालीम होती. दुपारी परतला तेव्हा चेट्टाचे डोळे लाल होते. रजिना चुलीशेजारी लोकरी शालीवर आडवी पडली होती. विस्टीन वाकला. चष्मा त्याच्याकडे आहे, पण तो म्हाताऱ्या माणसांनी वापरायचा असतो असं त्याचं मत आहे. चष्म्याशिवायही त्याला दिसलं की पोटावरचे केस गेलेत. गुलाबी कातडी उघडी पडली आहे.

सशीण व्यायला आली की पोटाचे केस उपटून पिल्लांना अंथरूण करते. हे लहान पोरालाही माहीत असतं. विस्टीनच्या छातीत ढोल वाजला (खालच्या क्लबचा नव्हे).

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“सकाळपासून,” चेट्टा म्हणाली. “दमली आहे. उचलू नकोस.”

“मला शिकवतेस? आज नाहीतर उद्या.”

चेट्टाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. “काय, आज नाहीतर उद्या?”

“अगं, पिल्लं! अंगावरचे केस काढलेत तिने. मी... म्हणजे... नर सापडला असेल कुठेतरी तिला.”

“या स्वयंपाकघरात?”

“निसर्ग आहे, चेट्टा. वाट काढतो.”

“असं होय,” चेट्टा म्हणाली. “तू म्हणतोस तसंच असेल.”

इतक्या वर्षांच्या संसारात चेट्टाने हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं होतं. संशय यायला तेवढं पुरेसं होतं. पण विस्टीन रजिनाच्या पोटाकडे कौतुकाने बघत होता. केस उपटलेल्या जागेच्या कडा पट्टी लावून आखाव्यात तशा सरळ होत्या. मध्ये नखाने ओढल्यासारखी एक बारीक रेघ. “काय नीटनेटकी आहे,” तो म्हणाला. “तुझ्या हाताखाली वाढलेली. केस कुठेत?”

“कुठले केस?”

“उपटलेले. अंथरुणाला लागतात ते.”

“झाडून टाकले.”

“झाडून टाकले!” विस्टीनने कपाळावर हात मारला. मग तो उठला, माळ्यावरच्या फळ्या काढल्या आणि संध्याकाळपर्यंत एक सुरेख खोकं केलं. कडा घासून गुळगुळीत. आणि खाणीतल्या दिवसांपासून जपलेला, जाडजूड लोकरीचा आपला स्वेटर फाडून आत पसरला. चेट्टा हे सगळं लेस विणत बघत होती. एकदा ती तोंडावर रुमाल धरून बाहेर जाऊन आली. विस्टीनला वाटलं, भरून आलं असेल.

रजिना खोक्यात चढली, स्वेटर पायांनी नीट केला आणि झोपली. एकटी. दुसऱ्या दिवशीही एकटी. तिसऱ्या दिवशीही.

शुक्रवारी मिरवणूक निघाली. क्रूसावरच्या प्रभूचा पुतळा खांद्यावर, अंगात पांढरा झगा, बँड शोकाचं वाजवतोय, गाव हुंदके देतंय. मागचा खांदेकरी विस्टीनच्या मानेपाशी कुजबुजला, “झाली का मोकळी?”

“गप्प चाल.”

“तपकिरी असला तर मला.”

पाद्रीबाबांनी वळून दोघांकडे असं पाहिलं की पुतळाही दचकला असता. देवळाच्या दारात पुतळा खाली ठेवल्यावर ते जवळ आले. विस्टीनने मान खाली घातली.

“मनुष्याने अशा वेळी दुःखाचं चिंतन करावं, विस्टीन,” पाद्रीबाबा म्हणाले. मग आवाज उतरवून, “आणि पांढरं आहे ना एखादं?”

ईस्टर होऊन गेला. रजिनाच्या पोटावर नवे मऊ केस येऊ लागले. असं व्याल्याशिवाय होताना विस्टीनने कधी पाहिलं नव्हतं. तो घाबरला. पिल्लं आत मेली असतील तर रजिनाही जाते, हे त्याला माहीत होतं. त्या दिवशी सशाच्या देण्याचा विचार त्याच्या डोक्यात आला नाही. चेट्टा बाजाराला गेल्याबरोबर त्याने टोपी डोळ्यांवर ओढली, रजिनाला कोटात घेतलं आणि डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गाठला. ज्या दवाखान्याची त्याने क्लबात यथेच्छ टिंगल केली होती तोच. बाकावर तो दोन मांजरं आणि एका पोपटाच्या मध्ये बसला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्याने रजिनाला टेबलावर ठेवलं. “दिवस उलटून गेलेत पोरी. व्यायला हवी होती. काढ पिल्लं, मेलेली असली तरी काढ. हिला वाचव.”

डॉक्टरीणबाईंनी रजिनाला पाहिलं, मग त्याला. “आजोबा, ही रजिना ना? चेट्टाबाईंची?”

“माझी.”

“हिला पिल्लं कशी होतील? पाम रविवारच्या आदल्या दिवशी मीच हिची पिशवी काढली की.”

विस्टीनने टोपी डोळ्यांवरून मागे सारली.

“पोटाचे केस मीच मशीनने काढले. ही बघा टाक्यांची रेघ. छान भरली आहे.”

“पंधरवड्याला मी स्वतः चाचपली होती,” विस्टीन म्हणाला. आवाज खाणीच्या तळातून आल्यासारखा. “पाच होती.”

“गोल? कडक? वाटाण्याएवढी?”

“अगदी.”

“त्या लेंड्या होत्या, आजोबा.”

गावातल्या सात प्रतिष्ठित माणसांना आपण काय वाटून बसलो होतो, हे विस्टीनच्या हळूहळू लक्षात आलं. पाद्रीबाबांनी तर पांढरी मागितली होती.

“माहीत होतं मला,” तो शेवटी म्हणाला. “तुला येतं का ते बघत होतो.”

“आलं का?”

“बरं आहे.” त्याने रजिनाला कोटात घेतलं. दारात थांबला. “ती गाठ म्हणे होते...”

“आता नाही होणार. नीट सांभाळलं तर दहा वर्षंसुद्धा जगेल.”

“म्हणजे मला पुरून उरेल,” विस्टीन म्हणाला. बाहेर येईपर्यंत त्याने चेहरा तसाच कडक ठेवला. मग रस्त्यात कुणी नाही असं बघून रजिनाच्या डोक्यावर दोनदा हात फिरवला.

घरी चेट्टा ओट्याशी उभी होती. कोटातून कान बाहेर आलेले तिने पाहिले.

“कळलं?” ती म्हणाली.

“मला न सांगता नेलंस तिला.”

“आणि तू तिला कर्मनूकडे नेलंस ते? त्याची बायको देवळाच्या दारात माझं अभिनंदन करते! मी उभ्या उभ्या ठरवलं. सकाळ-संध्याकाळ डोकं फोडत बसले होते, ते एका क्षणात ठरलं.”

“भूल दिली तेव्हा कुठे होतीस?”

“बाहेर बाकावर. माळ जपत. ती डोळे उघडेना तेव्हा माळ तुटली माझी.” चेट्टाने एप्रनने डोळे टिपले. “उठली तेव्हा पहिल्यांदा मला तुझीच आठवण झाली. म्हटलं घरी जाऊन सांगते. तर तू म्हणालास, निसर्ग वाट काढतो. मग म्हटलं, काढू दे.”

“स्वेटर फाडेपर्यंत?”

“तो स्वेटर मला कधीच आवडला नव्हता.”

विस्टीन खुर्चीवर बसला. रजिना उडी मारून खाली उतरली, त्याच्या पायापाशी आली. त्याने सवयीने पाय वर घेतला. पण ती चावली नाही. घोट्यावर हनुवटी टेकून पसरली. तो पाय न हलवता बसून राहिला. सूप निवलं तरी बसून राहिला.

क्लबात जाऊन त्याने एवढंच सांगितलं, “पिल्लं नाहीत.” कुणाचाच विश्वास बसला नाही. ‘दगड’ कधी खोटं बोलत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पाच आहेत असं तोच म्हणाला होता. तेव्हा लपवून ठेवली असणार. न्हाव्याने त्या महिन्यात त्याचा डावा कल्ला उजव्यापेक्षा आखूड कापला. पाद्रीबाबांनी चिक्कूपणावर प्रवचन केलं.

कर्मनूने मात्र काही विचारलं नाही. जून उजाडल्यावर भिंतीवरून फक्त म्हणाला, “इम्नार्या आला.”

“ससा मिळेल.”

“रजिनाचा?”

“ससा मिळेल म्हटलं ना.”

आता विकत घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गोझोवर घेतला असता तर सूर्य मावळायच्या आत दोन्ही क्लबांना कळलं असतं. म्हणून सणाच्या थोडं आधी, एका गुरुवारी, विस्टीन बोटीत बसून माल्टाला गेला. तिथून बस, मग दुसरी बस, थेट पलीकडच्या टोकाच्या बाजारापर्यंत, जिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. एका दुकानापुढे पिंजरे होते. त्याने ससे उचलून वजन पाहिलं, पाठ दाबून पाहिली, दात पाहिले. करडा, भरलेला, डोळ्यांत तेज असलेला एक नर निवडला.

“माल चांगला ओळखता काका,” दुकानदार म्हणाला.

“जन्म गेला,” विस्टीन म्हणाला.

चष्मा घरीच होता.

चेट्टाने त्या सशाला सणापर्यंत रजिनापासून लांब, अंगणात ठेवलं आणि नाव द्यायचं कटाक्षाने टाळलं. विस्टीन त्याला रोज ताजा घास घाली. विकतचा असला तरी आता चार दिवस आपल्या हातचं खाल्लेला, म्हणजे जवळजवळ आपल्याच खुराड्यातला, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

सणाच्या आदल्या सकाळी तो ससा घेऊन कर्मनूच्या शेतावर गेला. टोपली नाही, कोबी नाही, सरळ हातात.

“घे,” तो म्हणाला.

कर्मनूने ससा घेतला. वजन पाहिलं. मग त्याचा हात सवयीने डाव्या कानाकडे गेला आणि कानाच्या टोकाशी थांबला. टोकाला त्रिकोणी कातर होती. कर्मनूने विस्टीनकडे पाहिलं. विस्टीन समुद्राकडे बघत होता.

कर्मनूने खुराड्याचं दार उघडून ससा आत सोडला. ससा इकडेतिकडे न बघता सरळ मागच्या कोपऱ्यात गेला, फळीखाली पुरून ठेवलेला गाजराचा जुना तुकडा त्याने उकरून काढला, आणि सार्जंटशेजारच्या आपल्या जागेवर बसून तो खाऊ लागला.

आता विस्टीनही तिकडे बघत होता.

“मंगळवारी व्यापाऱ्याला दिला तेव्हा जरा हलका होता,” कर्मनू म्हणाला. “चांगला पोसलास.”

विस्टीनने टोपी सरळ केली. “फिटलं?”

“फिटलं.”